एका एल्कला किती माणसं लागतात?

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला की कोलोरॅडोच्या वायव्येकडल्या मीकर गावाचा रंग पालटतो. एरवी हे सुमारे अडीच हजार वस्तीचं, गुरामेंढरांचं आणि गवताच्या गंज्यांचं गाव. त्या आठवड्यात मात्र पेट्रोल पंपावर, वाणसामानाच्या दुकानात, भल्या पहाटे उघडणाऱ्या खाणावळीत, जिकडे पाहावं तिकडे भडक नारंगी टोप्या दिसतात. पिकअप गाड्यांच्या मागे घोड्यांचे ट्रेलर, तंबूचे खांब, भल्यामोठ्या बर्फपेट्या. गाडीतून उतरणारी माणसंही पुष्कळदा एकाच घरातली असतात. आजोबा, त्यांचे दोन मुलगे, एखादी सून, तेरा-चौदा वर्षांची नात. गावाच्या पूर्वेला फ्लॅट टॉप्स नावाचा सपाट माथ्यांचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथे एल्क नावाचं हरीण आहे, आणि त्याच्यासाठी ही मंडळी आलेली असतात.

शिकार म्हटलं की आपल्यासमोर जुनी छायाचित्रं येतात. हत्तीवर बसलेले महाराज, पलीकडून रान उठवत येणारे हाकारे, आणि शेवटी मेलेल्या वाघावर एक पाय ठेवून उभा असलेला कुणी साहेब. त्या शिकारीत एक माणूस गोळी घालायचा आणि बाकीचे शंभर जण त्याच्यासाठी राबायचे. रॉकी पर्वतातली कौटुंबिक शिकार अगदी वेगळ्या जातीची आहे. तिथे सुतार, शिक्षक, नर्स, ट्रकचालक अशी माणसं स्वतःचा तंबू स्वतः ठोकतात, मारलेलं जनावर स्वतः सोलतात आणि स्वतःच्या पाठीवर घालून डोंगर उतरवतात. घरच्यांना सोबत नेण्यामागे हौस असतेच, पण त्याहून मोठं कारण आहे ते या प्राण्याचं वजन.

रॉकी पर्वतातला पूर्ण वाढलेला नर एल्क साधारण ३०० ते ३२० किलोंचा असतो, मादी सव्वादोनशे किलोंच्या आसपास. आपलं सांबर हे भारतातलं सर्वांत मोठं हरीण. भरदार एल्क नर त्याच्यापेक्षाही थोराड दिसतो. मानेवर गडद तपकिरी आयाळ, अंग फिकट पिवळसर, ढुंगणावर पांढुरका ठिपका, आणि डोक्यावर शिंगांचा फांदोरा. ही शिंगं दरवर्षी गळतात आणि दरवर्षी नव्याने येतात. वसंत ऋतूत वाढीला लागली की ऐन भरात ती दिवसाला दोन-अडीच सेंटिमीटर वाढू शकतात. त्या काळात त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते आणि त्या कातडीतून रक्त खेळत असतं. ऑगस्टअखेर मखमल सुकते, नर ती झाडांवर घासून काढतो. मोठ्या नराच्या डोक्यावरचा हा जोड १८ किलोंपर्यंत भरतो. एवढा पसारा दर साली टाकायचा आणि पुन्हा उगवायचा, यासाठी लागणारा चारा किती असेल याची कल्पना करावी.

सप्टेंबरमध्ये नर माजावर येतात. तेव्हा ते जो आवाज काढतात तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हरणाचा वाटतच नाही. सुरुवात खालच्या घोगऱ्या सुरात, मग एकदम चढत जाणारी तीक्ष्ण शीळ आणि शेवटी खोकल्यासारखे दोन-चार हुंकार. तीनशे किलोंच्या छातीतून इतका बारीक सूर कसा निघतो, यावर ध्वनिशास्त्रज्ञांनी संशोधन केलं आहे. घशातला घोगरा सूर आणि शीळ हे दोन आवाज एल्क एकाच वेळी काढू शकतो. धनुष्यबाण घेऊन येणारे शिकारी याच काळात येतात आणि तोंडात पातळ रबरी पडदा धरून नराची शीळ किंवा मादीची साद हुबेहूब काढतात. प्रतिस्पर्धी आला असं समजून नर चालून येतो, कधी कधी वीस पावलांवर. रायफलचा हंगाम त्यानंतर, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत टप्प्याटप्प्याने चालतो. तोवर माज ओसरलेला असतो, नर थकून गप्प झालेले असतात आणि उंचावर बर्फ पडू लागलेलं असतं. घरंच्या घरं येतात ती बहुतेक या हंगामात.

पण तयारी सुरू होते एप्रिलमध्ये, अर्ज भरून. कोलोरॅडोत राज्य विभागवार ठरवतं की यंदा किती नर आणि किती माद्या मारू द्यायच्या. गेल्या हिवाळ्यात कळपात किती जनावरं मोजली गेली, शंभर माद्यांमागे किती नर आणि किती पाडसं दिसली, यावरून तो आकडा निघतो. मागणी जास्त असेल तिथे सोडत. सोडतीत नाव आलं नाही तर एक गुण पदरी पडतो आणि पुढच्या वर्षी पारडं तेवढं जड होतं. वायव्य कोपऱ्यातल्या काही नावाजलेल्या विभागांत मोठ्या नराचा परवाना मिळायला वीस वर्षांहून अधिक गुण साठवावे लागतात. म्हणजे मुलगी शाळेत असताना बापाने अर्ज सुरू केले आणि परवाना मिळाला तेव्हा तिचं लग्न होऊन गेलं होतं, असंही घडू शकतं. घरच्या चौघांना एकाच विभागात, एकाच आठवड्यात जायचं असेल तर एकत्र गटाने अर्ज करता येतो, पण मग ज्याचे गुण सर्वांत कमी त्याचीच पत सगळ्या गटाला लागू. काही घरांत त्यामुळे जुन्याजाणत्याने नवख्यासाठी आपले साठवलेले गुण खर्ची घालायचे का, यावर जेवणाच्या टेबलाशी बराच खल होतो.

राज्यातल्या रहिवाशाला परवाना ६०-७० डॉलरला पडतो. बाहेरून येणाऱ्याला त्याच परवान्याचे ७०० डॉलरहून जास्त मोजावे लागतात. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झाल्याचं कार्ड दाखवावं लागतं. मोठ्या जनावराच्या शिकारीला किमान वय १२ वर्षं. सोळा वर्षांखालच्या मुलाबरोबर मोठं माणूस हवंच, आणि तेही नुसतं छावणीत बसून नाही. दुर्बीण किंवा वॉकीटॉकी न वापरता मूल दिसलं पाहिजे आणि त्याचा आवाज ऐकू आला पाहिजे, इतक्या जवळ. तो नारंगी रंगही कायद्याचाच. कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झगझगीत नारंगी कपडा आणि त्याच रंगाची, सर्व बाजूंनी दिसणारी टोपी. काही वर्षांपूर्वी गुलाबीलाही परवानगी मिळाली. हा रंग माणसाच्या नजरेत तीरासारखा घुसतो. हरणांना मात्र लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्यामुळे झाडाखाली बसलेला नारंगी शिकारी त्यांना मळकट पार्श्वभूमीतलाच एक तुकडा वाटतो. नियम करणाऱ्याने निसर्गातली फट बरोबर हेरली आहे.

छावणी बहुधा अडीच ते तीन हजार मीटर उंचीवर पडते. जाड कॅनव्हासचा, उभ्या भिंतींचा तंबू, आत पत्र्याची चूल, तिचं धुराडं छपरातल्या भोकातून बाहेर काढलेलं. रात्री पारा शून्याखाली जातो. पहाटे चारला कुणीतरी उठून चुलीत लाकडं सारतं आणि मग बाकीचे एकेक करून पांघरुणातून डोकं बाहेर काढतात. समुद्रसपाटीजवळून आलेल्या पाहुण्यांना पहिले दोन दिवस चार पावलांत धाप लागते, डोकं ठणकतं. अनुभवी घरं त्यासाठी हंगामाच्या आधीच येऊन राहतात. कोलोरॅडोतल्या परवान्याच्या शुल्कात २५ सेंट शोध आणि बचावकार्याच्या निधीचे असतात. रक्कम किरकोळ, पण हे डोंगर दरवर्षी कुणाला ना कुणाला अडकवून ठेवतात याची ती नोंद आहे.

एल्क शोधायचा तर आधी वारा कळावा लागतो. त्याची नजर चांगली, कान त्याहून चांगले, पण नाकापुढे काही चालत नाही. डोंगरात वाऱ्याचं रोजचं वेळापत्रक असतं. ऊन चढलं की तापलेली हवा उतारावरून वर सरकते. सूर्य कलला की थंड, जड हवा घळीतून खाली वाहू लागते. म्हणून सकाळ सरल्यावर शिकारी कळपाच्या वरच्या बाजूला राहायला बघतो आणि संध्याकाळी खालच्या. या दोन्हींच्या मधल्या वेळेत वारा कुठलंच वळण धरत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी उतावळे लोक कळप उधळवून लावतात. एल्क पहाटे आणि तिन्हीसांजेला उघड्या कुरणात चरतात, दिवसा उत्तरेकडच्या उतारावर दाट स्प्रूसच्या अंधारात रवंथ करत बसतात. त्यामुळे पोरांना आधी बंदूक देत नाहीत, दुर्बीण देतात. समोरचा उतार तुकड्या-तुकड्याने तपासायचा. अख्खं हरीण शोधायचं नाही, झाडांच्या उभ्या रेघांमध्ये एखादी आडवी रेघ शोधायची. ती बहुधा पाठ असते.

गोळी झाडायची वेळही बांधलेली. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. नराचा परवाना असेल तर अनेक विभागांत त्याच्या एका शिंगाला किमान चार टोकं हवीत, किंवा कपाळावरची फांदी पाच इंचांची हवी. हे सगळं दोनशे मीटरवरून, धडधडत्या छातीने मोजायचं. नेम धरतात तो खांद्याच्या मागे, फुप्फुसं आणि हृदय असतं तिथे. बरोबर लागली तरी एल्क शंभरेक मीटर धावून मग कोसळू शकतो. लगेच मागे पळायचं नाही, अर्धा तास बसून राहायचं हा जुना दंडक. पाठलाग झाला तर जखमी जनावर अंगात उरलं-सुरलं बळ आणून मैलभर जातं. कुणी मागे नसेल तर जवळच आडवं होतं. आणखी एक दंडक घरातली वडीलधारी माणसं मुलांना पहिल्या दिवशीच सांगतात: जिथून जनावर वर आणता येणार नाही त्या दरीत ते उभं असेल, तर कितीही मोठी शिंगं असली तरी बंदूक खाली ठेवायची.

हे सांगण्यामागचं कारण जनावर पडल्यावर कळतं. आधी परवान्याला जोडलेली चिठ्ठी फाडून सही-तारखेनिशी भरायची. मग बाह्या सारून सुऱ्या काढायच्या. एल्कच्या शरीराचं तापमान ३८-३९ अंश असतं, कातडी जाड, लोकर दाट, मांड्यांचा गोळा मोठा. बाहेर बर्फ असलं तरी आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि मांडीच्या हाडालगतचं मांस काही तासांत आंबू लागतं. म्हणून घाई असते. पोट फाडून आतडी काढतात, किंवा पोटाला हात न लावता एका कुशीवर पाडून वरच्या बाजूचं सगळं उतरवतात आणि मग जनावर उलटून दुसरी बाजू. दोन मागच्या तंगड्या, दोन पुढचे फरे, पाठीच्या कण्यालगतच्या दोन लांब पट्ट्या, कण्याच्या आतल्या बाजूची कोवळी पट्टी, मान, बरगड्यांमधलं मांस, काळीज, हृदय. सगळं हवा खेळणाऱ्या सुती पिशव्यांत भरून सावलीतल्या फांदीला टांगतात. तेरा वर्षांच्या नातीचं काम इथे सुरू होतं: पाय ताणून धरणं, पिशवीचं तोंड उघडं धरणं, आजोबांना धार लावलेला सुरा देणं. शरीरशास्त्राचा तास तिला शाळेत इतका स्पष्ट मिळत नाही, एवढं मला खात्रीने वाटतं.

आता हिशेब. मोठ्या नराची हाडासकट एक मागची तंगडी २५-३० किलोंची, फरा त्याहून थोडा कमी. उरलेलं मांस आणि शिंगांसकट डोकं धरलं तर चांगले पाच बोजे होतात. जनावर छावणीपासून पाच किलोमीटरवर पडलं असेल आणि माणूस एकटा असेल, तर त्याला पाच वेळा ओझं घेऊन यावं लागेल आणि मध्ये चार वेळा रिकामं परत जावं लागेल. एकूण ४५ किलोमीटर, तेही तीन हजार मीटर उंचीवर, आडव्या पडलेल्या झाडांवरून. पाच माणसं असली तर एका खेपेत काम होतं. घरच्या शिकारीचं सगळं मर्म या गणितात आहे. एल्क मारायला एक माणूस पुरतो, एल्क घरी आणायला कुटुंब लागतं.

खेचरं असतील त्यांचं ओझं हलकं होतं. एक खेचर ६०-७० किलो नेतं, म्हणजे एका नराला दोन खेचरं. दोन्ही बाजूंच्या पेट्यांतलं वजन काट्यावर तोलून सारखं करावं लागतं, नाहीतर खोगीर सरकून जनावराच्या पाठीला जखमा होतात. चाकाची हातगाडी नेली तर? फ्लॅट टॉप्सच्या आतल्या राखीव वनात तिलाही बंदी आहे. १९६४ च्या वन्यभूमी कायद्याने अशा प्रदेशात मोटारीच काय, यंत्राने चालणारी किंवा चाकावरची साधी वाहतूकही मना केली आहे. या कायद्यामागच्या विचाराचं एक मूळ इथेच सापडतं. १९१९ मध्ये आर्थर कारहार्ट या तरुण नियोजकाला वनखात्याने इथल्या ट्रॅपर्स लेकभोवती रस्ता आणि उन्हाळी बंगले आखायला पाठवलं होतं. त्याने तळं पाहून अहवाल दिला की इथे काहीच बांधू नये. खात्याने तो मानला, आणि तळ्याकाठी आजही बंगल्यांची रांग नाही.

मांस टाकून येणं हा तिथे गुन्हा आहे. शिंगं घेऊन मांस कुजत सोडणाऱ्याला जबर दंड होतो, परवानाही जातो. उलट कातडं आणि डोकं रानात ठेवलं तर चालतं. आणि एवढ्या कष्टाने आणलेलं मांस विकताही येत नाही. अमेरिकेत हॉटेलांत एल्कचं मांस मिळतं, ते बंदिस्त पैदाशीचं, पुष्कळदा न्यूझीलंडहून आलेलं. रानातल्या एल्कचं मांस खायचं किंवा वाटायचं, एवढेच दोन मार्ग. चांगल्या नराचं हाडं काढलेलं मांस ९०-१०० किलो भरतं. चौघांच्या घराने रोज किलोभर शिजवलं तरी तीन महिने पुरेल. म्हणून ते शेजारी, मावश्या, चर्चमधलं म्हातारं जोडपं यांच्याकडे पोचतं. त्याला चरबी फारच कमी, त्यामुळे जास्त शिजवलं की चिवट होतं. खिमा करायचा तर त्यात गाईची किंवा डुकराची चरबी मिसळतात. कोवळी पट्टी मात्र घरी पोचतच नाही. ती पहिल्याच रात्री तंबूत, लोखंडी तव्यावर, लोण्यात आणि मिठात संपते.

विक्रीवरची ही बंदी आली ती ठेच लागल्यावर. युरोपीय लोक येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत एक कोटीच्या आसपास एल्क असावेत असा अंदाज आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते एक लाखाच्या आत आले. शेतीसाठी कुरणं गेली हे खरंच, पण मोठा वाटा धंदेवाईक शिकाऱ्यांचा. खाणगावांना आणि रेल्वेच्या तळांना मांस पुरवणारे हे लोक वर्षभर मारत. त्यात भर पडली दातांची. एल्कच्या वरच्या जबड्यात सुळ्यांच्या जागी दोन गोल, हस्तिदंतासारखे दात असतात. १८६८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नाटकवाल्यांनी एल्कच्या नावाने एक बंधुमंडळ स्थापलं, ते देशभर पसरलं, आणि त्याचे सभासद घड्याळाच्या साखळीला एल्कचा दात लटकवू लागले. मग नुसत्या दोन दातांसाठी अख्खं जनावर मारून टाकणारे लोक वायोमिंगच्या खोऱ्यांत फिरू लागले.

क्रो या मूलनिवासी जमातीच्या घरांत हेच दात वेगळ्या अर्थाने जपले जात. स्त्रियांच्या पोशाखावर ते ओळीने शिवत. एका जनावराचे दोनच दात, त्यामुळे शेकडो दात मिरवणारा झगा म्हणजे त्या घरातल्या पुरुषांनी वर्षानुवर्षं केलेल्या शिकारीची जाहीर वही. त्या शिकारीत मांसही घरात येत होतं, कातडंही. दात एकच, पण साखळीला लटकणारा आणि झग्यावर शिवलेला यांत केवढं अंतर.

क्रोंच्या शिकारीच्या हक्काचा निकाल लागायला २०१९ उजाडलं. जानेवारी २०१४ मध्ये माँटानातल्या क्रो राखीव प्रदेशातून काही जण एल्कच्या कळपामागे निघाले आणि हद्द ओलांडून वायोमिंगमधल्या बिगहॉर्न राष्ट्रीय वनात शिरले. तिथे त्यांनी नर मारले आणि मांस घरी नेलं. वायोमिंगने हंगाम नसताना, परवाना नसताना शिकार केल्याबद्दल त्यांच्यापैकी हरेरा नावाच्या गृहस्थांवर खटला भरला. त्यांचं म्हणणं, १८६८ च्या तहात अमेरिकेच्या मोकळ्या जमिनींवर शिकार करण्याचा हक्क आमच्या पूर्वजांनी राखून ठेवला आहे. राज्याचं म्हणणं, १८९० मध्ये वायोमिंग राज्य झालं तेव्हा तो हक्क संपला. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी क्रोंचा हक्क अजून जिवंत असल्याचं मान्य केलं. मीकरला दरवर्षी येणाऱ्या कुटुंबांनीही हे लक्षात ठेवायला हवं. त्यांच्या छावणीची जमीन यूट या तिथल्या मूलनिवासी लोकांची होती. १८७९ च्या संघर्षानंतर दोन वर्षांत त्यांना तिथून हाकललं गेलं, आणि गावाला नाव आहे ते त्या संघर्षात मारल्या गेलेल्या सरकारी एजंटाचं.

एल्क परत कसे आले? १९०० मध्ये लेसी कायदा आला. त्याने बेकायदा मारलेली जनावरं राज्याबाहेर नेऊन विकणं बंद केलं. १९१२ मध्ये वायोमिंगमधल्या जॅक्सन गावाजवळ एल्कसाठी राष्ट्रीय आश्रयस्थान झालं, कारण कुरणांवर शेती झाल्यामुळे हिवाळ्यात कळप उपाशी मरत होते. कोलोरॅडोत तर इतके थोडे उरले होते की वायोमिंगकडून जनावरं आणावी लागली. १९१३-१४ मध्ये एस्टेस पार्क परिसरात यलोस्टोनकडचे एल्क आणून सोडले. आज त्या एकट्या राज्यात पावणेतीन लाखांहून जास्त एल्क आहेत, इतर कुठल्याही राज्यापेक्षा अधिक. १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला, आणि अट घातली की परवान्यांचा पैसा दुसरीकडे वळवायचा नाही. महामंदीच्या दिवसांत हा निर्णय झाला, हे विशेष.

शिकारीसंघटना याचं सगळं श्रेय स्वतःकडे घेतात. मला ते अर्धंच पटतं. तो कर भरणाऱ्यांत आज बरेच जण कधी रानात न जाणारे, कागदी लक्ष्यावर गोळ्या झाडणारे असतात. आणि ज्या खात्याचं पोट एल्कच्या परवान्यांवर, त्यातही बाहेरच्यांच्या महागड्या परवान्यांवर भरतं, त्याला एल्क खाणाऱ्या लांडग्याबद्दल किती प्रेम वाटणार? कोलोरॅडोत लांडगे परत आणायचा निर्णय खात्याने घेतलाच नाही, २०२० मध्ये मतदारांनी निसटत्या बहुमताने घेतला आणि डिसेंबर २०२३ मध्ये ऑरेगॉनहून आणलेले दहा लांडगे सोडले गेले. उलट बाजूही पाहावी. रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात शिकार बंद आणि लांडगेही नव्हते, तेव्हा एल्क इतके वाढले आणि नदीकाठची विलो-अ‍ॅस्पेनची झाडं इतकी खुडली गेली की २००९ पासून काही हिवाळे उद्यानालाच प्रशिक्षित नेमबाज लावून काही एल्क कमी करावे लागले, आणि झाडांभोवती कुंपणं घालावी लागली.

अलीकडे एक नवी धास्ती आहे. १९६७ मध्ये फोर्ट कॉलिन्सजवळच्या बंदिस्त हरणांत पहिल्यांदा एक रोग दिसला. जनावर वाळत जातं, लाळ गळते, मान लोंबते आणि मरतं. मेंदूतली काही प्रथिनं वेडीवाकडी दुमडतात आणि शेजारच्या प्रथिनांनाही तशीच दुमडायला लावतात. जंतू नाही, विषाणू नाही, औषध नाही. माणसाला तो झाल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही, तरी बाधित जनावराचं मांस खाऊ नये असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. म्हणून आता बरीच कुटुंबं पाठीचा कणा न कापता मांस सोडवतात, डोकं तपासणी केंद्रावर देतात आणि निकाल येईपर्यंत फ्रीझरमधल्या पाकिटांना हात लावत नाहीत.

एवढं करून हाती काय लागतं? बहुतेकांना काहीच नाही. कोलोरॅडोत एल्कच्या शिकाऱ्यांत यश मिळतं ते सरासरी पाचांतल्या एखाद्यालाच, कित्येक हंगामांत त्याहूनही कमी. बाकीचे आठवडाभर थंडीत झोपून, वारा चुकवून, डबाबंद राजमा खाऊन रिकाम्या बर्फपेट्यांनिशी परततात आणि एप्रिलमध्ये पुन्हा अर्ज भरतात.

हे सगळं वाचून आपल्याकडेही असं काही सुरू करावं असं कुणाला वाटलं तर त्याला माझा स्पष्ट नकार आहे. एल्कचा जवळचा भाऊबंद काश्मीरचा हंगुल. महाराजांच्या शिकारीसाठी राखलेल्या दाचीगाममध्ये तो आता काहीशेच उरला आहे. राधानगरीचं रानही कोल्हापूरच्या राजघराण्याचं शिकारीचं होतं, १९५८ मध्ये ते अभयारण्य झालं, आणि १९७२ च्या कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले. आपल्याकडे दर चौरस किलोमीटरला माणसं किती आणि हरणं किती हे पाहिलं की तो कायदा योग्यच वाटतो. कोलोरॅडोची व्यवस्था चालते ती अफाट मोकळी जमीन, थोडी माणसं आणि शंभर वर्षं नेटाने ठेवलेली मोजदाद, या तिन्हींवर.

बंदूक न उचलता हे पाहायचं असेल तर मात्र संधी आहे. मुलांकडे अमेरिकेला जाणारे अनेक मराठी आईवडील डेन्व्हरलाही उतरतात. तिथून दीड-दोन तासांवर एस्टेस पार्क आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात संध्याकाळी रस्त्याच्या कडेला गाडी लावून काचा खाली करा. शीळ ऐकू येईल, बहुधा नरही दिसेल. माजावरचा नर गाडीलाही शिंगं लावतो, तेव्हा शेजारच्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानाच्या नियमाप्रमाणे किमान ७५ फूट लांब राहा आणि फोटोसाठी कुरणात उतरू नका. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उद्यानाबाहेरच्या राष्ट्रीय वनात फिरायला जाणार असाल, तर शिकार करायची नसली तरी एक नारंगी टोपी घालून जा.